पीएम किसानचा हप्ता आला नाही? बँकेत जाण्याआधी या चुका तपासा

शेजाऱ्याच्या मोबाईलवर दोन हजारांचा मेसेज वाजतो आणि आपला मोबाईल गप्पच. मग माणूस उठतो तो थेट बँकेत. रांगेत उभं राहून पासबुक भरून घेतो, ‘वरूनच आले नाहीत’ असं ऐकतो आणि मजुरी बुडवून घरी येतो. पहिली चूक हीच. हप्ता कुठं अडला हे बँकेपेक्षा पीएम किसानच्या पोर्टलला जास्त माहीत असतं. तिथं ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक आणि ओटीपी टाका. नोंदणी क्रमांक सापडत नसेल तर मोबाईल किंवा आधार क्रमांकावरून तो तिथंच मिळतो. पुढं लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि आधार-बँक सीडिंग (बँक खातं आधारशी जोडणं) अशा तीन नोंदी दिसतात. ज्या नोंदीपुढं ‘नो’ असेल, तेवढंच काम करायचं.

सगळ्यात जास्त घोळ आधार सीडिंगचा. ‘आधारची झेरॉक्स बँकेत दिलीय की!’ असं प्रत्येक जण सांगतो. पण झेरॉक्स देणं म्हणजे केवायसी, बँकेपुरती ओळख पटवणं. सरकारी पैसा ज्या खात्यात जायचा, ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार जोडणारी संस्था) यादीत आधारशी जोडलेलं लागतं आणि एका आधारला असं एकच खातं. नंतर दुसऱ्या बँकेत सीडिंग झालं की पहिलं आपोआप सुटतं. पोस्टात नवं खातं काढताना घाईत कुठंतरी अंगठा दिलेला असतो, आणि मग पैसे तिकडं जमा होत राहतात. म्हणजे हप्ता अडकलेला नसतोच, आपण जुनंच पासबुक बघत बसलेलो असतो. माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की कोणती बँक जोडली आहे ते दिसतं. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट लिहून अर्ज द्या; डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात.

ई-केवायसीत फार काही नाही. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर होते, नसेल तर सीएससी केंद्रात (गावातल्या सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रात) अंगठा. मातीत झिजलेले अंगठे मशीन घेत नाही, तेव्हा पीएम किसान ॲपमध्ये चेहरा दाखवूनही काम भागतं.

जमिनीचं प्रकरण मात्र किचकट. योजनेसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरतात. त्या दिवसानंतर जमीन खरेदी करून सातबाऱ्यावर आलेलं नाव चालत नाही, वारसाहक्कानं आलेलं चालतं. वडील वारले तरी त्यांच्या नावावरचा हप्ता तसाच उचलत राहणं ही गावोगावची चूक आहे आणि ती महागात पडते, कारण वसुलीची नोटीस वारसांच्याच दारी येते. तलाठ्याकडं वारस नोंद करून फेरफार मंजूर करून घ्या आणि मग स्वतःच्या नावानं नवी नोंदणी करा. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं मिळून एकच कुटुंब धरतात. दोघांच्या नावावर सातबारा असला तरी हप्ता एकालाच. मागच्या वर्षी आयकर भरलेल्या घरालाही तो मिळत नाही.

महाराष्ट्रात एक हप्ता अडला की नुकसान दुहेरी. राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 ला शिर्डीतून सुटला, आणि त्याची यादी पीएम किसानच्याच माहितीवर बनते. वर्षभर असंच चाललं तर सहा अधिक सहा, असे बारा हजार त्यात अडकतात.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली तर उघडू नका, पाठवणारा भाऊबंद असला तरी. त्याचाही मोबाईल कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

लँड सीडिंगपुढं ‘नो’ असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा, अर्जाची पोच घ्या. तक्रारीसाठी 155261 हा क्रमांक आहे. फोन लावताना नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात.