ब्रिजटाउन बंदरात उतरल्यावर क्रूझ जहाजाची सहल न घेता

बार्बाडोसला जहाज लागलं की टॅक्सीची घाई नको. धक्क्यापासून ब्रिजटाउन पायी वीसेक मिनिटांवर आहे. तिथून पुढे तेवढंच चाललं की कार्लाइल बेचा मऊ, पांढऱ्या वाळूचा किनारा येतो. लांब जायचं असेल तर बस घ्या, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. निळ्या सरकारी बसमध्ये सुट्टे परत मिळत नाहीत, पिवळ्या मिनीबसमध्ये मिळतात. 1 अमेरिकी डॉलरला 2 स्थानिक, हिशेब सोपा.

लष्करी छापाचे कपडे मात्र जहाजावरच ठेवा. इथे ते घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा!

आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, ती जहाजाच्या वेळेहून वेगळी असली तर तिथेच तासाची चूक होते. स्वतः फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही, म्हणून चढायच्या वेळेआधी दीड तास परत फिरा.