कुत्र्याच्या दातांसाठी घरच्या घरी चिवट खाऊ कसा करावा

कुत्र्याच्या तोंडाला वास येऊ लागला की पुष्कळ घरांत पहिला उपाय केला जातो तो पुदिना किंवा कोथिंबीर घातलेल्या बिस्किटांचा. ही बिस्किटे करायला सोपी असतात आणि कुत्रे ती आवडीने खाते. परंतु दात स्वच्छ होण्याच्या दृष्टीने त्यांचा फारसा उपयोग होत नाही. कुरकुरीत बिस्किटावर दाताचे टोक पडताच ते फुटते, दोन-तीन चावांत पोटात जाते, आणि घाण जिथे साठते त्या हिरडीलगतच्या भागाला त्याचा स्पर्शही होत नाही. दात घासला जावा असे वाटत असेल तर खाऊ चिवट हवा. दात त्यात खोलवर रुतला पाहिजे आणि बाहेर निघताना त्याच्या कडा हिरडीपर्यंत पुसल्या गेल्या पाहिजेत. पुढे दिलेल्या दोन्ही कृतींमध्ये सगळा भर याच चिवटपणावर आहे.

हा चिवटपणा इतका महत्त्वाचा का, हे समजून घेतले की कृतीत कुठे काटेकोर राहायचे ते आपोआप कळते. मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर बसू लागतो. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे त्याचे दात सहसा किडत नाहीत, परंतु त्याच लाळेतील क्षार या मऊ थरात उतरून दोन-तीन दिवसांत त्याचे कडक, पिवळसर-तपकिरी कीटण बनवू लागतात. मऊ थर घासून निघतो. कीटण एकदा बसले की ते कोणत्याही खाऊने निघत नाही, कुत्र्याला भूल देऊन पशुवैद्याकडूनच ते काढून घ्यावे लागते. म्हणून आठवड्यातून एकदा दिलेल्या खाऊपेक्षा रोज दिलेली एक छोटी कांडी कितीतरी अधिक उपयोगी पडते. आपल्याकडे दूध-पोळी किंवा भात कालवून घालण्याची पद्धत आहे; अशा जेवणात दात रुतवून चावावे असे काहीच नसते, त्यामुळे तर हा खाऊ अधिकच गरजेचा ठरतो.

चिवट आणि टणक यांतील फरक मात्र विसरता कामा नये. मटणाच्या रश्श्यातील नळी कुत्र्याला घालणे हे अनेक घरांत प्रेमाचे लक्षण मानले जाते. आमच्या घरीही तसेच होते, आणि त्याच नळीवर आमच्या कुत्रीची वरची मोठी दाढ उभी चिरली. कात्रीच्या पात्यासारखी चालणारी ही दाढच टणक वस्तू चावताना सर्वाधिक वेळा फुटते. शिजवलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात, ती भीती वेगळीच. हाड, शिंग, करवंटीचा तुकडा यांपैकी काहीही दातांसाठी म्हणून देऊ नये. कसोटी सोपी आहे: तयार झालेल्या खाऊवर अंगठ्याचे नख जोराने दाबावे. नखाची खूण उमटली तर खाऊ ठीक आहे. उमटली नाही तर तो दातासाठी फार टणक आहे.

सुरुवात करण्यापूर्वी कुत्र्याचे तोंड तपासावे. ते शांत बसलेले असताना बाजूचा ओठ हलकेच वर उचलून मागच्या दाढा पाहाव्यात. हिरडीच्या कडेला लाल रेघ, दाढांवर तपकिरी कवच, हलणारा दात, एकाच बाजूने चावण्याची सवय, सतत गळणारी लाळ किंवा डोळ्याच्या खाली आलेली सूज यांपैकी काही दिसले तर खाऊ करण्याआधी पशुवैद्याकडे जावे. डोळ्याखालील सूज अनेकदा वरच्या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवामुळे येते, आणि अशा दुखऱ्या दाताला चिवट वस्तू चावायला देणे म्हणजे त्याच्या वेदनेत भर घालणे होय.

पहिली कृती: रताळ्याच्या पट्ट्या

ही कृती सर्वांत सोपी असून, माझ्या मते, सर्वांत भरवशाची आहे. साधारण ५०० ग्रॅम लांबट, घट्ट रताळी घ्यावीत. माती राहू नये म्हणून ती ब्रशने घासून धुवावीत, मात्र साल काढू नये, कारण वाळल्यावर सालच पट्टीला धरून ठेवते. रताळ्याचे उभे काप करावेत. कापाची जाडी ८ मिलिमीटर ते १ सेंटिमीटर असावी, आणि सगळी मेहनत या जाडीतच आहे असे समजावे. पातळ काप वाळून वेफरसारखे कुरकुरीत होतात, तर फार जाड काप आतून ओले राहून दोन दिवसांत बुरसतात. ५०० ग्रॅम रताळ्यांच्या सुमारे दहा पट्ट्या होतात.

ओटीजी किंवा ओव्हन १२० अंश सेल्सिअसवर तापवून घ्यावा. ट्रेमध्ये बटर पेपर घालून पट्ट्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात आणि दीड तास भाजाव्यात. मग उलटून आणखी दीड तास ठेवाव्यात. मधूनमधून दार उघडून आतली वाफ जाऊ द्यावी, अन्यथा पट्ट्या वाळण्याऐवजी शिजत राहतात. तीन तासांनी एक पट्टी बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावी, कारण गरम असताना ती मऊच लागते आणि त्यावरून अंदाज चुकतो. गार झालेली पट्टी चामड्याच्या पट्ट्यासारखी वाकली आणि तुटली नाही, की झाली असे समजावे. ओली वाटली तर आणखी अर्धा तास ठेवावी. कडक होऊन मोडली तर पुढच्या वेळी वेळ कमी करावा. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असल्यामुळे पहिली खेप थोडी करून पाहणे शहाणपणाचे.

ओव्हन नसेल तर उन्हाळ्यातील वाळवणाचा मार्ग मोकळा आहे, फक्त कच्चे काप उन्हात घालू नयेत. ते शिजलेले नसल्याने पचायला जड जातात आणि वाळून टणक होतात. जपानमध्ये, विशेषतः इबाराकी प्रांतात, ‘होशी-इमो’ नावाचा रताळ्याचा प्रकार करतात. त्यासाठी रताळी आधी वाफवून, सोलून, त्यांचे काप करून वाळवतात, आणि हे काप वाळल्यावरही मऊसर-चिवट राहतात. तीच रीत येथे लागू पडते. कुकरच्या भांड्यात शिटीशिवाय रताळी वाफवावीत, १ सेंटिमीटरचे काप करावेत आणि स्वच्छ मलमलच्या कापडाखाली एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावेत. संध्याकाळी ते घरात आणायला विसरू नये. पावसाळ्यात किंवा कोकणातील दमट हवेत हा प्रयोग करू नये.

दुसरी कृती: कणीक-नाचणीच्या उकडलेल्या कांड्या

खानदेशात बट्टी करताना कणकेचे घट्ट गोळे आधी उकडतात आणि मग तळतात. उकडल्यामुळे कणीक आतून घट्ट आणि चिवट होते. या कांड्यांसाठी आपल्याला नेमके तेच हवे आहे, फक्त तळण्याऐवजी त्या मंद आचेवर वाळवायच्या आहेत. थेट भाजलेली कणीक बिस्किटासारखी फुटते, म्हणून उकडण्याची पायरी वगळू नये.

त्यासाठी १३० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम नाचणीचे पीठ, एक अंडे, अर्धे गाजर किसून, एक लहान चमचा खोबरेल तेल, दोन मोठे चमचे बारीक चिरलेली कोथिंबीर आणि पुदिन्याची आठ-दहा पाने घ्यावीत. पुदिन्याने आणि कोथिंबिरीने तोंडाचा वास काही काळ कमी जाणवतो. दात साफ करण्याशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा त्या नसल्या तरी अडत नाही. मीठ, साखर आणि गूळ घालू नये. सर्व एकत्र करून, लागेल तसे पाणी शिंपडत, पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट पीठ भिजवावे आणि किमान दहा मिनिटे जोर लावून मळावे. कणकेतील चिकटपणा मळण्यानेच वाढतो आणि पुढे कांडीचा चिवटपणा त्यावरच ठरतो, म्हणून येथे घाई करू नये. ओल्या कापडाखाली पीठ वीस मिनिटे झाकून ठेवावे.

नंतर त्याचे सोळा भाग करून बोटाएवढ्या जाड कांड्या वळाव्यात. सुरीच्या बोथट बाजूने किंवा चकलीच्या सोऱ्याच्या चकतीवर फिरवून कांडीवर आडव्या रेघा उमटवाव्यात. त्यांमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि घासणे चांगले होते. मोदकपात्रात किंवा इडलीच्या कुकरमध्ये वीस मिनिटे उकडून घ्याव्यात. बाहेर काढून पाणी सुकू द्यावे आणि १२० अंशांवर ४० ते ५० मिनिटे, मध्ये एकदा उलटून, वाळवाव्यात. वरचा थर कोरडा आणि आतला भाग दाबल्यावर किंचित दबणारा असावा. पूर्ण गार झाल्यावर त्या रात्रभर बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवल्या की आतला ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि चिवटपणा एकसारखा होतो. दुसऱ्या दिवशी नखाची कसोटी घ्यावी. गव्हाची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला या कांड्या देऊ नयेत, त्याच्यासाठी रताळेच योग्य.

काय घालू नये

या भागात दुर्लक्ष करण्यासारखे काहीही नाही. कांदा आणि लसूण, ओले असोत, पूड असो वा तयार मसाल्यातील असोत, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट व जायफळही वर्ज्य. ‘शुगर-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही शेंगदाणा बटरमध्ये, च्युइंगममध्ये आणि माणसांच्या टूथपेस्टमध्ये साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले झायलिटॉल असते. त्याच्या अल्प मात्रेनेही कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने खाली येते आणि यकृताला इजा होते, म्हणून पाकिटावरील घटक वाचल्याशिवाय असे काहीही मिसळू नये. दातदुखीवर आपण लवंगेचे तेल लावतो, त्यामुळे ते कुत्र्यालाही चालेल असे वाटणे साहजिक आहे. पण त्यातील युजेनॉल कुत्र्याला बाधते. सुके बोंबील, सुकट यांत मीठ फार असते, तेव्हा वासाला भुलून कुत्रे कितीही मागे लागले तरी ते घालू नयेत. यांपैकी विषारी असे काही चुकून पोटात गेलेच तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याला फोन करावा.

किती आणि कसे द्यावे

दिवसभराच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग खाऊतून जाऊ नये, हा पशुवैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. सुमारे १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी ६० उरतात. वरील मापाने केलेली रताळ्याची एक पट्टी किंवा कणकेची एक कांडी ४० ते ४५ कॅलरींची होते. तेव्हा अशा कुत्र्याला दिवसाला एक पुरे, आणि त्या दिवशी दुसरी बिस्किटे नकोत. रताळे वाळल्यावर हलके झाले तरी त्यातील कॅलरी तेवढ्याच राहतात, हे लक्षात ठेवावे. २५ किलोच्या कुत्र्याला दोन चालतील. पाच किलोच्या पॉमेरेनियनसाठी कांडी निम्म्या वजनाची, परंतु लांबीला तेवढीच आणि बारीक करावी. लांबी कमी केली की लहान तुकडा अख्खा गिळण्याचा धोका वाढतो. याच लहान जातींच्या तोंडात दात दाटीवाटीने असल्यामुळे कीटणाचा त्रासही अधिक असतो. मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय यांतील काहीही देऊ नये. पिल्लांचे दुधाचे दात साधारण सहा महिन्यांपर्यंत पडत असतात, तोवर थांबावे.

खाऊ जेवणानंतर द्यावा आणि कुत्र्याच्या जवळ बसावे. अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्यासाठी एक टोक आपल्या हातात धरून दुसरे टोक त्याच्या दाढेकडे न्यावे, आणि अर्धी कांडी संपली की बाजू बदलावी. बहुतेक कुत्री आपणहून एकाच बाजूने चावत राहतात. शेवटचा तुकडा अंगठ्याएवढा उरला की तो काढून घ्यावा. ओढाताण केल्यास कुत्रे तो घाईने गिळते, म्हणून त्याच्या बदल्यात आवडीचा दुसरा छोटा घास पुढे करावा.

दोन्ही प्रकार फ्रिजमध्ये बंद डब्यात आठवडाभर ठेवावेत, उरलेले फ्रीजरमध्ये ठेवून लागतील तसे काढावेत. यांत परिरक्षक नसल्याने चिकट झालेला किंवा पांढरे ठिपके दिसणारा तुकडा पुसून वापरू नये, टाकून द्यावा.

अमेरिकेतील व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था १९९७ पासून दातांच्या खाऊला चाचण्यांचे पुरावे पाहून मान्यतेचा शिक्का देते. घरच्या खाऊची अशी चाचणी झालेली नसते, आणि रोज ब्रशने घासण्याची सर तर कोणत्याच खाऊला येत नाही. म्हणून लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची टूथपेस्ट आणून, आधी फक्त बोटाने पेस्ट चाटवून, मग दोन दात, मग चार, अशी सवय लावावी आणि घासून झाल्यावर बक्षीस म्हणून ही कांडी द्यावी. सुरुवात करण्याच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दाढांचे फोटो काढून ठेवावेत व महिन्याने त्याच उजेडात पुन्हा काढावेत. हिरडीवरील लाल रेघ तशीच असेल किंवा कांडीवर रक्ताचा डाग दिसला असेल, तर कांड्या थांबवून तेच दोन फोटो पशुवैद्याला दाखवावेत.