पीसी चालू होतोय पण स्क्रीन काळीच? दुकानात नेण्याआधी एवढं करून बघा

मागच्या दिवाळीत चिपळूणहून आतेबहिणीचा फोन आला, साफसफाईसाठी टेबल हलवलं, पीसी परत जोडला आणि आता मॉनिटरवर नुसतं नो सिग्नल. पंखा फिरतोय, लाइट लागतेय, चित्र मात्र नाही. एका रिपेअरवाल्याने तर फोनवरच सांगून टाकलं होतं की मदरबोर्ड गेलाय. मी म्हटलं, अगं थांब, आधी व्हिडिओ कॉल कर आणि कॅबिनेटची मागची बाजू दाखव. बघतो तर माउसची वायर जिथे खोचलेली त्याच्या शेजारीच मॉनिटरची एचडीएमआय केबल, आणि खाली ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाचे, पोर्ट रिकामे. केबल काढून खाली लावली, पीसी परत चालू केला, सुरुवातीचा कंपनीचा लोगो आला. "दादा, एवढंच होतं?" हो, एवढंच. न बघता मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण समोरच्याचे कष्टाचे पैसे जातात.

म्हणून काहीही उघडायच्या आधी एक गोष्ट नीट बघा, स्क्रीन नेमकी कधी काळी होते. अगदी सुरुवातीपासून काहीच येत नाही, की लोगो येतो आणि मग जाते, की लोगो दिसतच नाही पण विंडोज मात्र व्यवस्थित येतं? तिन्हीची कारणं वेगवेगळी आहेत, आणि इथे गल्लत झाली की माणूस उगाच रॅम (मेमरीची पट्टी) काढत बसतो आणि दोष ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असतो.

सुरुवातीपासूनच काळी असेल तर पहिलं काम मॉनिटरचं. त्याच्या बटणांनी इनपुट बदलून बघा, बऱ्याचदा केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर व्हीजीए या जुन्या प्रकारच्या इनपुटवर अडकलेला असतो. केबल दोन्हीकडून काढून परत लावा, व्हीजीए असेल तर तिच्या १५ पिनांपैकी एखादी वाकलीय का बघा. मग वर सांगितलं तो पोर्ट. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, कारण कार्ड असताना मदरबोर्डाचा पोर्ट बहुतेक वेळा बंदच असतो, आणि आय ५ १२४०० एफ किंवा रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरमध्ये तर ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टवर काही येणं शक्यच नाही.

आता कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग मशीन बऱ्यापैकी जिवंत आहे, गडबड डिस्प्लेच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. दिवा ढिम्म असेल तर संशय रॅमवर. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (इथे म्हणजे ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोज असलेली डिस्क) असे ४ बारीक दिवे असतात, ज्यावर अडकलंय तो लागून राहतो, तो जरूर बघा. एक मात्र सांगतो, डीडीआर ५ रॅमचा नवीन पीसी पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाईने बटण दाबून बंद करू नका.

रॅमचं काम जरा शांतपणे करायचं. मेन स्विच बंद, प्लग बाहेर, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या. स्लॉटच्या टोकाची खिटी उघडून रॅम सरळ वर काढा, आणि तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास लागतं, दमट हवेत त्या पट्टीवर मळाचा थर बसतो, खोडरबराचा कीस काळपट निघाला की समजायचं. कीस झटकून टाका, स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना दाबा, टक् असा आवाज यायलाच हवा, अर्धवट बसलेली रॅम ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, ४ स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट आधी.

तरीही नाही आलं तर बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगवर येतं. आणि ग्राफिक्स कार्डाची वेगळी पॉवर वायर लावलीय ना, हेही बघा.

लोगो येऊन मग काळी होत असेल तर हार्डवेअरला सध्या हात लावू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ड्रायव्हर रिसेट होतो, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. नाहीतर लोगोनंतर पॉवर बटण दाबून दोन-तीनदा बंद करा म्हणजे रिपेअरचा निळा स्क्रीन येतो, तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४ दाबून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतं चालणारं विंडोज. तिथे चित्र आलं म्हणजे कार्ड बहुधा ठीक आहे, डिस्प्ले ड्रायव्हर काढून नवा टाका. मॉनिटरवर आउट ऑफ रेंज असा मेसेज येत असेल तर रिझोल्युशन किंवा रिफ्रेश रेट मॉनिटरला झेपत नाहीये, त्याच यादीत ३ नंबरला लो रिझोल्युशन आहे.

लोगो नाही पण विंडोज येतं, तर दोन मॉनिटर असल्यास एक काढून बघा, लोगो दुसऱ्यावर जात असतो. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं की यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्जमधून बायोसला जाता येतं, तिथे फास्ट बूट (झटपट चालू होण्याची सोय) बंद करा. जीटीएक्स ९०० किंवा १००० सिरीजचं कार्ड डिस्प्लेपोर्टने जोडलेलं असेल तर कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं यासाठीच काढलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे, तोपर्यंत एचडीएमआय लावून काम चालवा.

एवढं करूनही काळीच राहिली तर दुकानात न्या, पण पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जोरदार करंट राहतो. दुकानात सांगा की कुठला दिवा लागतो, कॅप्स लॉक चालतं का, कुठली रॅम कुठे लावून बघितली, आणि पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या.