नोकरी शोधताय? मग समोरच्याचं काम सोपं करा (जाहिरात वाचण्यापासून पगार बोलण्यापर्यंत)

नोकरी शोधायला लागलं की पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं एकच चालू असतं, एक रेझ्युमे बनवायचा आणि दिसेल तिथे अप्लाय मारत सुटायचं. रात्री झोपताना आज चाळीस ठिकाणी टाकलं याचं समाधान पण मिळतं, आणि मग पुढे कितीतरी दिवस फोनच वाजत नाही. मग म्हणायचं मार्केट डाऊन आहे. असेलही. पण बऱ्याचदा भानगड साधी असते, आपण कोण, आपल्याला काय येतं आणि या जागेवर आपण का चालू हे सगळं पलीकडच्या माणसाने स्वतः शोधून काढावं अशी आपली अपेक्षा असते आणि त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो.

तो पलीकडचा माणूस कोण ते आधी बघा. एचआरवाल्याच्या डोक्यावर एकाच वेळी बऱ्याच जागा भरायच्या असतात. ज्या मॅनेजरला माणूस हवाय त्याच्या टीममध्ये एक खुर्ची रिकामी आहे, ते काम बाकीचे ओढतायत, आणि त्याला मनातून भीती अशी की चुकीचा माणूस घेतला तर वर उत्तर मलाच द्यावं लागणार. घाईत आणि थोडा घाबरलेला. त्याचं काम जो सोपं करेल त्याला तो आधी फोन करणार. खालच्या सगळ्या स्टेप्स याच एका गोष्टीवर आहेत.

स्टेप १: जाहिरात वाचा, म्हणजे खरंच वाचा

जाहिरातीत पंधरा-वीस गोष्टी मागितलेल्या असतात त्या सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. बऱ्याच जाहिराती जुन्या जाहिरातीवरून कॉपी-पेस्ट करून, वर अजून चार ओळी चिकटवून बनवलेल्या असतात. जी गोष्ट सुरुवातीच्या ओळींत आहे आणि खाली परत कुठेतरी येते, ती त्यांची खरी गरज. 'असल्यास प्राधान्य' असं जे लिहिलंय ते नसलं तरी चालतं. मुख्य गोष्टींपैकी निम्म्याच्या वर तुमच्याकडे असतील तर बिनधास्त टाका. फक्त जिथे लायसन्स किंवा ठरावीक पदवी कायद्यानेच लागते तिथे वेळ घालवू नका.

अजून एक करा, कंटाळवाणं आहे पण उपयोगी आहे. तुम्हाला हव्या त्या पोस्टच्या दहा जाहिराती काढा, बाजूबाजूला ठेवा, आणि कोणत्या गोष्टी बहुतेक सगळ्यांत आहेत ते एका कागदावर लिहा. त्यातलं जे तुम्हाला येत नाही तेच शिका. लोक भीतीपोटी मिळेल तो सर्टिफिकेट कोर्स करत बसतात आणि ते सर्टिफिकेट कुणीच मागितलेलं नसतं.

स्टेप २: रेझ्युमे

इथे जरा जास्त वेळ थांबूया कारण सगळ्यात जास्त माती इथेच होते.

द लॅडर्स नावाच्या अमेरिकन जॉब साईटने २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढून बघितलं होतं, तर पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर सरासरी ७.४ सेकंद नजर होती. आकडा थोडा इकडेतिकडे धरा, मुद्दा असा की पहिल्या पानाचा वरचा भाग दिसला तर दिसला. तिथे 'आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा विकास साधण्याची इच्छा' असलं ऑब्जेक्टिव्ह लिहून जागा वाया घालवू नका, तुमच्या विकासात त्याला काय इंटरेस्ट असणार. त्याऐवजी दोन ओळीत: काय काम करता, किती वर्षं, कशात हात बसलाय.

आता प्रत्येक कामाखालच्या ओळी. नेहमीची ओळ अशी असते: 'अकाउंट्सची सर्व कामे पाहण्याची जबाबदारी होती.' यातून काहीच कळत नाही, असली जबाबदारी हजारो लोकांवर असते. हीच ओळ अशी लिहून बघा: 'महिनाअखेरचं क्लोजिंग ९ दिवसांवरून ५ दिवसांवर आणलं, तीन शाखांच्या एंट्रीसाठी एकच शीट बनवलं, त्यामुळे एकच एंट्री दोनदा होणं बंद झालं.' आता वाचणाऱ्याला दिसतं की काय अडलं होतं, याने काय केलं, फरक किती पडला. माझ्याकडे आकडेच नाहीत असं बरेच जण म्हणतात, पण असतात हो, शोधावे लागतात. दिवसाला किती कॉल घेत होता, किती लोकांना शिकवलं, पूर्वी किती वेळ लागायचा आणि नंतर किती, चुका कमी झाल्या का. कंपनीचा आकडा बाहेर सांगायचा नसेल तर टक्क्यात लिहा. फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कॉलेजात हाताळलेलं एखादं मोठं काम, त्यालाही हाच नियम. फक्त आकडा खरा पाहिजे, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येणार आणि तिथे त-त प-प झालं की खेळ खल्लास.

मग येतं एटीएस. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो, त्याला हे नाव. याची भीती घालून रेझ्युमे विकणारे नेटवर भरपूर आहेत. रोबो बसलाय आणि सगळ्यांना उडवतोय असं चित्र रंगवतात, तसं सहसा नसतं. ते सॉफ्टवेअर मुख्यतः अर्ज साठवतं, त्यातला मजकूर वाचून रकान्यात भरतं आणि मग भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. आपोआप बाद व्हायचं नेहमीचं कारण म्हणजे अर्जासोबतचे हो-नाही प्रश्न, तुमच्याकडे अमुक परमिट आहे का वगैरे, ते नीट वाचून भरा. बाकी तुमच्या हातात दोन गोष्टी. एक, जाहिरातीत त्या कामाला जो शब्द वापरलाय तोच तुम्हीही वापरा (काम खरंच केलं असेल तर). दुसरी, फॉरमॅट साधा ठेवा. दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर, यात मजकूर हरवू शकतो. तपासायचं कसं? पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे नाव, नंबर, कंपन्या आणि तारखा सरळ क्रमाने आल्या तर ठीक, खिचडी झाली तर सॉफ्टवेअरला पण खिचडीच दिसणार.

फाईलचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल २' नको, तुमचं नाव आणि पोस्ट टाका, कारण डाउनलोड झाल्यावर ती इतर शंभर फायलींत पडते. मधे गॅप असेल तर एका ओळीत सरळ लिहा, घरातलं आजारपण, शिक्षण, जे असेल ते. तारखा ओढूनताणून गॅप झाकायला जाऊ नका, कंपन्या बॅकग्राउंड चेक करतात आणि लिंक्डइनवरच्या तारखा कुणीही ताडून बघू शकतो.

स्टेप ३: ओळखीतून विचारा, पण कुणाला?

ओळख म्हटलं की लोकांना वशिला वाटतो आणि लाज वाटते. इथे वशिला नाही, माहिती म्हणतोय मी. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचात. १९७३ च्या त्याच्या लेखात उत्तर आहे: नेहमी भेटणारे जेमतेम १७ टक्के, अधूनमधून भेटणारे जवळपास ५६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २८ टक्के. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही नोकरी बदलायला जवळच्या ओळखींपेक्षा लांबच्या ओळखी जास्त कामी आल्या, अगदी नावापुरत्या नव्हेत, मधल्या. कारण उघड आहे, जवळच्या मित्राला जे माहीत ते तुम्हालाही माहीत असतंच, बाहेरची बातमी बाहेरच्या माणसाकडे असते.

म्हणजे यादी कुणाची करायची? जुने सहकारी, आधीचा बॉस, बॅचमधले जे तुमच्या ग्रुपवर नाहीत ते, ज्यांच्याशी कामानिमित्त मेलवर बोलणं व्हायचं ते क्लायंट. आणि मेसेज असा की त्यांना विचार करावा लागू नये. 'काही असेल तर सांगा ना' हा सगळ्यात वाईट मेसेज, कारण त्यात शोधायचं काम तुम्ही त्यांच्या गळ्यात मारलं. असा पाठवा:

'नमस्कार, आपण आधीच्या ऑफिसात एकत्र होतो, मी बिलिंगला होते. तुमच्या कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा निघालीय, लिंक खाली देतेय. मी चार वर्षं हेच काम करतेय, क्लोजिंग आणि व्हेंडर पेमेंट दोन्ही सांभाळते. त्या टीमचं काम कसं चालतं ते दहा मिनिटं फोनवर सांगू शकाल का? योग्य वाटलं तर पुढे पाठवायला रेझ्युमे जोडलाय. नाही जमलं तरी काही हरकत नाही.'

शेवटची ओळ महत्त्वाची आहे, नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की लोक उलट हो म्हणतात. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडा. आणि काम झालं किंवा नाही झालं, त्यांना कळवा. हे निम्मे लोक विसरतात आणि पुढच्या वेळी त्याच माणसाला मेसेज करायला मग बोटं अडखळतात.

स्टेप ४: इंटरव्ह्यू

प्रश्न पाठ करू नका, किस्से तयार ठेवा. पाच-सहा पुरतात: अडलेलं काम सोडवलं, कुणाशी तरी वाजलं आणि मिटवलं, चूक झाली आणि निस्तरली, कमी वेळात काहीतरी उभं केलं, नवीन काहीतरी शिकून वापरलं. प्रत्येक किस्सा चार तुकड्यात सांगायचा, परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय काम आलं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. लोक पहिल्या तुकड्यातच पाच मिनिटं घालवतात, कंपनीचा इतिहास, बॉसचा स्वभाव, आणि 'मी काय केलं' हे एका वाक्यात उरकतात. उलटं करा. आणि सारखं 'आम्ही केलं, आम्ही केलं' नको, टीमला श्रेय द्या पण त्यात तुमचा हात कुठे होता ते स्पष्ट सांगा, कारण समोरच्याला कागदावर तेच लिहून घ्यायचंय.

'स्वतःबद्दल सांगा' याला दीड मिनिट पुरे: आता काय करतो, इथवर कसा आलो, ही जागा का हवीय. घरी कोण कोण असतं, छंद काय, हे विचारलं तरच. मोठ्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका, ऐकवत नाही पण फायदा होतो.

तुम्हाला काही विचारायचंय का, याला 'नाही सर' म्हणू नका. विचारा की पहिल्या तीन महिन्यांत या माणसाने काय केलं तर तुम्ही म्हणाल बरं झालं याला घेतलं. उत्तरात त्यांची खरी अडचण बाहेर येते, आणि तुमच्याकडे त्यावरचा किस्सा असेल तर लगेच सांगा. ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय हेही विचारा. वर्षभरात तिसरा माणूस शोधतायत असं निघालं तर सावध व्हा.

इंटरव्ह्यूनंतर दुसऱ्या दिवशी तीन ओळींचा मेल, थँक्यू आणि बोलण्यातला एखादा नेमका मुद्दा. त्यांनी दिलेली तारीख उलटली की एकदा विचारा. रोज नाही.

स्टेप ५: पगाराचं बोलणं

पहिला उच्चारलेला आकडा पुढच्या सगळ्या बोलण्याला स्वतःकडे ओढतो. ट्वेर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या लेखात याचा गमतीदार प्रयोग दिलाय, लोकांसमोर चाक फिरवायचं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वर थांबायचं, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील ते विचारायचं. १० बघितलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ बघितलेल्यांचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता तरी! म्हणून तुमचा जुना पगार हा टेबलावरचा पहिला आकडा होऊ देऊ नका. आधी त्या पोस्टचे चालू आकडे चार लोकांना विचारून काढा, आणि विचारल्यावर म्हणा की या कामासाठी मी अमुक ते अमुक या रेंजमध्ये बघतोय. रेंजचा खालचा आकडा तोच ठेवा जो तुम्हाला खरंच चालेल, कारण त्यांना ऐकू तोच येतो.

ऑफर कमी आली तर घरखर्च, लोन वगैरे सांगू नका. एचआरला ते वर जाऊन सांगता येत नाही, त्याला वर सांगता येईल असं कारण द्या: 'तुम्हाला जे क्लोजिंगचं काम करून हवंय ते मी आधी केलंय, शिकवायला वेळ जाणार नाही, त्यामुळे अमुक आकडा झाला तर मी आज हो म्हणते.' आकडा हलत नसेल तर जॉइनिंगची तारीख, घरून काम, सहा महिन्यांनी रिव्ह्यू, यातलं काहीतरी मागा आणि ते ऑफर लेटरमध्ये येऊ द्या. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही म्हणजे नाही. आणि नोकरीसाठी जो पैसे मागतो, रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, काहीही नाव देऊ दे, तो नोकरी देणारा नाही. फोन ठेवा.

स्टेप ६: जॉइन झाल्यावर

लोक इथे थांबतात. मोबाईलमध्ये एक नोट उघडा आणि दर शुक्रवारी दोन ओळी लिहा, काय केलं, किती फरक पडला, कुणी चांगलं म्हटलं. (ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, सोडताना तो परत द्यावा लागतो. आणि कंपनीचा गोपनीय डेटा या नोटमध्ये घेऊ नका.) पुढचा रेझ्युमे, पुढच्या इंटरव्ह्यूचे किस्से आणि अप्रेझल, तिन्ही याच नोटमधून निघतात.

अप्रेझलला लोक फॉर्म आल्यावर जागे होतात, तोवर बऱ्याच ठिकाणी कुणाला किती द्यायचं हे मॅनेजरने वर कळवलेलं असतं. त्याच्या दोन-तीन महिने आधी मॅनेजरकडे वीस मिनिटं मागा, सरळ विचारा की पुढच्या पोस्टसाठी माझ्यात काय कमी दिसतंय, आणि तो जे सांगेल ते मेलवर लिहून पाठवा. मग फॉर्म यायच्या आधी त्याला अर्ध्या पानाची लिस्ट द्या, नोटमधलीच, आकड्यांसकट, कारण तुमच्यासाठी वरच्या मीटिंगमध्ये बोलणार तो आहे, आणि तिथे त्याच्या टीममधल्या बाकीच्यांची नावं पण असणार आहेत.