संत्रा-मोसंबीचे खड्डे घेण्याआधी तीन फुटांखालची माती तपासा

यंदाच्या पावसाळ्यात संत्रा किंवा मोसंबीची नवी बाग लावायची असेल, तर पन्हेरीचा (रोपवाटिकेतल्या कलमांचा) विसार देण्याआधी आणि जेसीबीवाल्याला तारीख देण्याआधी वावरात एक तीन फूट खोल खड्डा घ्या. त्यातली खालची माती प्रयोगशाळेत पाठवा. याच आठवड्यात पाठवा. जून लागला की सगळ्यांचेच नमुने एकदम जातात, आणि अहवाल येतो तेव्हा कलमं लावून झालेली असतात.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या विदर्भातल्या संत्र्याच्या भागात हीच एक चूक वर्षानुवर्षं दिसते. माती तपासली का विचारलं की कास्तकार हो म्हणतो. कुठून घेतली विचारलं की वरच्या अर्ध्या फुटातून. ती कपाशीची, सोयाबीनची तपासणी झाली. संत्र्याचं झाड वीस-पंचवीस वर्षं उभं राहायचं असतं आणि त्याची मुळं अर्ध्या फुटात थांबत नाहीत.

अशी बाग पहिली तीन वर्षं डोळ्यात भरते. मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात, माती काळी आणि कसदार असते. चौथ्या-पाचव्या वर्षी मुळं चुन्याच्या पांढऱ्या खड्यांच्या थराला लागतात. मग नवती (नवी पालवी) पिवळी येते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पानं बारीक होतात, शेंड्याकडून सल पडते (फांद्या वाळत येतात), बहार फुटला तरी फळ धरत नाही. मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण मुक्त चुन्यामुळे (मातीत मोकळा असलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) सामू (पीएच) ८ च्या वर राहतो, पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना ते लोह उचलता येत नाही. जस्ताचं तेच होतं. स्फुरद (फॉस्फरस) दिला तर तो चुन्याशी बांधला जातो. तोवर फळबाग लागवडीच्या सरकारी अनुदानाचे तिन्ही हप्ते मिळून गेलेले असतात, त्यामुळे कागदावर ती बाग यशस्वीच असते.

लिंबूवर्गीय झाडांसाठी मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत हवा, अशी शिफारस आहे. मी याहून कडक आहे. दोन ते तीन फुटांच्या थरात ८ टक्क्यांच्या वर गेला आणि ओलित बोअरच्या जड पाण्यावर असेल, तर मी संत्रा लावू नका म्हणतो. याला कुठल्या पुस्तकाचा आधार नाही. पिवळ्या पडलेल्या बागांमध्ये खड्डे घेऊन पाहिल्यावर बसलेला हा अंदाज आहे.

जमीन आरोग्य पत्रिका आहे, मग वेगळी तपासणी कशाला, असं बरेच जण विचारतात. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि हंगामी पिकांच्या खतांसाठी ती कामाची आहे. तिच्यात बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. या बारांत मुक्त चुना नाही. शिवाय तिचे नमुने बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक, अशा चौकटीनुसार घेण्याची पद्धत होती. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजाऱ्याच्या धुऱ्याजवळची असू शकते. त्यासाठी नमुना देताना अर्जावर स्वतःच्या हातानं लिहा: ‘फळबागेसाठी, मुक्त चुन्यासह’. न लिहिल्यास ती तपासणी होईलच असं नाही.

नमुना असा घ्या:
– वावरात माती जिथे जिथे बदलते (रंग, उतार, खोली) तिथे वेगळा खड्डा
– खड्डा ९० सें.मी. खोल, एक बाजू उभी तासलेली
– तीन थर, तीन पिशव्या: ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० सें.मी.
– माती खालून वर काढत या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही
– धुरा, विहीर, उकिरडा, झाडाची सावली, गुरं बसायची जागा टाळा
– नुकतंच खत दिलेल्या जागेची माती नको
– सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत
– खडे फेकू नका, चुन्याचे खडे किती निघाले ते चिठ्ठीवर लिहा
– कापडी पिशवी घ्या, खताचं रिकामं पोतं चालणार नाही
– पिशवीत आणि बाहेर चिठ्ठी: नाव, गट क्रमांक, थर, घेणार असलेलं पीक
– सोबत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची एक बाटली

प्रयोगशाळा कृषी विभागाची, कृषी विज्ञान केंद्राची किंवा कृषी विद्यापीठाची निवडा. औषध-खतांच्या दुकानातून ‘फुकट माती परीक्षण’ करून मिळतं तिथे जाऊ नका. तिथल्या अहवालाखाली खरेदीची यादी आधीच तयार असते.

अहवाल येईपर्यंत घरच्या घरी अंदाज घेता येतो. तिसऱ्या थराच्या मातीचं वाळलेलं ढेकूळ फोडा आणि त्यावर संडास धुवायच्या आम्लाचे दोन-चार थेंब टाका. हातमोजे घाला, तोंड लांब ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. माती जोरात फसफसली तर चुना आहे. वरचा थर गप्प आणि तिसरा फसफसतो, हे चित्र सगळ्यात फसवं असतं. टक्केवारी मात्र प्रयोगशाळेतूनच घ्यायची, फेस पाहून नाही.

अहवालात पाहा:
– सामू: ६.५ ते ७.५ उत्तम, ८ पर्यंत सांभाळता येतो, ८.५ च्या वर संत्रा नको
– विद्युत वाहकता (क्षारतेचं माप): १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत
– मुक्त चुना: तिन्ही थरांत १० टक्क्यांच्या आत
– सेंद्रिय कर्ब: ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर शेणखत वाढवा

आता दुकानाची गोष्ट. चुना निघाला हे कळलं की कोणीतरी ‘चुनखडी विरघळवणारं’ पाच लिटरचं कॅन घेऊन येतं, किंवा गंधकाची दहा किलोची पिशवी. जरा हिशेब करा. एक एकराचा वरचा एक फुटाचा थर साधारण १८ लाख किलो भरतो. त्यात १२ टक्के चुना म्हणजे २ लाख १६ हजार किलो. एक किलो गंधकाचं पूर्ण आम्ल झालं तरी ते जेमतेम तीन किलो चुना संपवतं. म्हणजे एका एकराला, तेही एकाच फुटासाठी, सुमारे सत्तर टन गंधक लागेल. दहा किलोची पिशवी म्हणजे विहीर उपसायला चमचा. थोडं गंधक मुळांभोवती द्यायला हरकत नाही, पण त्यानं जमीन बदलत नाही.

जिप्समचंही तसंच. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, जिथे सोडियम जास्त असतो, उदाहरणार्थ पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टा. चुनखडीच्या जमिनीत आधीच कॅल्शियमचा भडिमार असतो, त्यात आणखी कॅल्शियम ओतून काय मिळणार? तरी दरवर्षी ट्रॅक्टरनं जिप्सम पडतंच.

तिसरी विक्री चिलेटेड लोहाची, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेल्या लोहाची. स्वस्तातलं ईडीटीए स्वरूपातलं लोह सामू ७ च्या वर गेला की टिकत नाही, जमिनीतून दिलं तर पैसे मातीत जातात. चुनखडीत टिकणारं ईडीडीएचए महाग आहे आणि दरवर्षी द्यावं लागतं. बाग आधीच उभी असेल तर नवती फुटल्यावर साध्या फवारण्या कराव्यात: दहा लिटर पाण्यात फेरस सल्फेट ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, आठवडाभरानं झिंक सल्फेट त्याच प्रमाणात. नव्या बागेसाठी हा मार्ग धरू नका, कारण ही फवारणी जन्मभर चालते.

मुक्त चुना ५ ते १० टक्क्यांत असेल तर रंगपूर लाईम या खुंटावरचंच (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या झाडावरचं) कलम घ्या, जंबेरीवरचं नको. शेंदुरजना घाटला किंवा कुठेही पन्हेरी घेताना खुंट कोणता हे पावतीवर लिहून मागा. १० च्या वर असेल तर सीताफळ, बोर, चिंच यांचा विचार करा. यावर लोक नाराज होतात, संत्र्याच्या गावात बोर काय लावायचं म्हणतात. ज्याचं त्यानं ठरवावं.

खड्ड्यातून आणखी एक गोष्ट कळते. संध्याकाळी त्यात काठोकाठ पाणी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याच्या वर पाणी उभं असेल तर निचरा नाही, आणि तिथे डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) येणार हे धरून चाला. मग सपाट वावरात लागवड न करता उंच गादीवर करा आणि उताराच्या बाजूनं चर काढा.

जमीन पास झाली तर बाकीची कामं:
– अंतर ६ × ६ मीटर
– खड्डे ७५ × ७५ × ७५ सें.मी., मेमध्ये, उन्हात तापू द्या
– वरची आणि खालची माती वेगळ्या ढिगात, भरताना वरचीच वापरा
– प्रति खड्डा शेणखत २० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १ किलो, निंबोळी पेंड १ किलो, ट्रायकोडर्मा (रोगांना रोखणारी उपयोगी बुरशी) २५ ग्रॅम
– डोळा (खुंटावर बसवलेला संत्रा-मोसंबीचा अंकुर) जमिनीपासून ९ ते १२ इंचांवर भरलेली कलमं
– दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड, डोळा मातीत गाडू नका

वरची आणि खालची माती वेगळी ठेवण्याबद्दल जेसीबीवाल्याशी आधीच बोला. तो घाईत सगळं एकत्र उपसतो आणि तिसऱ्या थरातला चुना थेट कोवळ्या मुळांपाशी येऊन बसतो.

अहवाल जुलै उजाडला तरी आला नाही, तर यंदा कलमं लावू नका, दिलेला विसार बुडाला तरी चालेल. हिरवळीच्या खतासाठी एकरी २० ते २५ किलो ताग पेरा, फुलोऱ्यावर आला की जमिनीत गाडा. लागवड पुढच्या जुलैत, अहवाल हातात घेऊन.