सल्ला केंद्राचे ट्रस्टी होताय? या चुका टाळा

ब्रिटनमधल्या बहुतेक गावांत कुठे ना कुठे एक सल्ला केंद्र असतं. घरमालकाची नोटीस आली, वीजबिल थकलं, युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता अडकला, की माणसं तिथे जातात. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. दुसऱ्या महायुद्धाची घोषणा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, त्याची पहिली २०० केंद्रं उघडली. नाव आणि पाटी सगळीकडे एकच असली तरी गावोगावचं केंद्र ही स्वतंत्र चॅरिटी असते. तिचं बँक खातं वेगळं, कर्मचारी वेगळे आणि बुडाली तर जबाबदार धरले जाणारे ट्रस्टीही वेगळे.

या ट्रस्टींच्या जागा सतत निघतात. जाहिरातीत ‘महिन्याला काही तास, बिनपगारी, प्रवासखर्च मिळेल’ एवढंच असतं. आयटी, बँक किंवा एनएचएसमध्ये स्थिरावलेले मराठी लोक उत्साहाने अर्ज करतात आणि त्यातले काही वर्षभरात कंटाळून किंवा घाबरून बाहेर पडतात. यामागची कारणं ठरावीक आहेत. इथले नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये चॅरिटींचे नियामक वेगळे आहेत.

मानाचं पद समजणं, किंवा खिडकीवर जाऊन बसणं

आपल्याकडे विश्वस्त म्हटलं की देवस्थानाच्या फलकावरची नावं डोळ्यांपुढे येतात. इथे ट्रस्टी म्हणजे संस्थेचा कायदेशीर चालक. पैसा कुठे जातो, चीफ एक्झिक्युटिव्हचं काम कसं चाललंय, मिळालेला सल्ला बरोबर असतो का, हे पाहणं त्याच्याकडे असतं. सही करायला येणारा ट्रस्टी संस्थेला जड जातो आणि स्वतःलाही गोत्यात आणतो.

दुसरं टोक म्हणजे थेट अशिलांना मार्गदर्शन करायला लागणं. सल्लागार स्वयंसेवकाला कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण दिलेलं असतं, तुम्हाला नाही. त्यात एक खड्डा खास आपल्या लोकांसाठी आहे, तो म्हणजे व्हिसा. स्वतःचे दोन-तीन अर्ज भरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला हे सगळं ठाऊक आहे. पण १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम अ‍ॅक्टनुसार परवानगीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे, मग तो फुकट का दिलेला असेना. यावर देखरेख करणारं कार्यालय जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी या नावाने ओळखलं जातं. कर्जाच्या सल्ल्यालाही फायनॅन्शियल कंडक्ट अथॉरिटी या आर्थिक सेवांच्या नियामकाची मान्यता लागते. आपल्या केंद्राकडे कुठल्या विषयाची, कुठल्या पातळीपर्यंत मान्यता आहे, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या. अशिलांच्या फायली मात्र मागू नका. ट्रस्टीला आकडे आणि गुणवत्तेचे अहवाल मिळायला हवेत, शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं किती कर्ज आहे ते कळायला नको.

कागद न बघता होकार देणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. मुलाखत चहा-बिस्किटांवर होते, माणसं गोड असतात, ‘तुमच्यासारखा हिशेब कळणारा माणूस हवाच होता’ असं म्हणतात आणि आपण हो म्हणून बसतो. त्याआधी एक संध्याकाळ काढा.

मागील वर्षांचे हिशेब मागावेही लागत नाहीत. चॅरिटी कमिशन या नियामकाच्या ऑनलाइन नोंदणीत संस्थेचं नाव टाकलं की पाच वर्षांचं उत्पन्न, खर्च आणि ते वेळेवर सादर झाले की नाही हे दिसतं. दोनदा उशीर झाला असेल तर कारण विचारा. समाधानकारक कारण असूही शकतं. मग संस्थेकडून घ्या: घटना (म्हणजे संस्थेची नियमावली), मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं, चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि सर्वांत ताजा तिमाही हिशेब. हे द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथेच नमस्कार करून निघा.

घटनेत आधी बघायचा तो संस्थेचा कायदेशीर प्रकार. हमीने मर्यादित कंपनी (लिमिटेड बाय गॅरंटी) असेल तर संस्था बुडाल्यास भरायची तुमची हमी सहसा १ किंवा १० पौंडांची असते आणि तुम्ही त्याच वेळी कंपनीचे संचालकही होता. सीआयओ, म्हणजे फक्त चॅरिटींसाठीचा नोंदणीप्रकार, असेल तरी साधारण तसंच संरक्षण मिळतं. कंपनी किंवा सीआयओ म्हणून नोंदणी नसलेली जुनी संघटना असेल तर जागेचा भाडेकरार आणि नोकरीचे करार ट्रस्टींच्या व्यक्तिगत नावावर असतात. संस्थेकडे पैसे उरले नाहीत, तर ती देणी तुमच्या दारात येऊ शकतात. अशा ठिकाणी आधी रूपांतराचा ठराव, मग तुमचं नाव.

इतिवृत्त वाचताना काय ठरलं यापेक्षा कुणी प्रश्न विचारले का ते शोधा. चार बैठकांत ‘अहवाल मान्य’ याशिवाय काही नसेल, तर ते मंडळ झोपलेलं आहे.

अपात्रतेचा फॉर्म वरवर भरणं

कंपनी किंवा सीआयओचा ट्रस्टी व्हायला १६ वर्षं पूर्ण हवीत, इतर प्रकारांत १८. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्याची अजून ‘स्पेंट’ (ठरलेली मुदत उलटून कायद्याने कालबाह्य) न झालेली शिक्षा, न सुटलेली दिवाळखोरी, कर्जफेडीचा आयव्हीए करार, संचालकपदावर बंदी, यांपैकी काही असेल तर माणूस आपोआप अपात्र ठरतो. २०१८ मध्ये ही यादी आणखी वाढली. गंमत अशी, की कर्जात होरपळलेल्यांचा अनुभव मंडळात यावा असं सल्ला केंद्रांना मनापासून वाटतं आणि नेमक्या त्याच माणसांना हा नियम आडवा येतो. त्यावर उपाय आहे: चॅरिटी कमिशनकडे सूट मागता येते. पण ती आधी मागायची. अपात्र असताना ट्रस्टी म्हणून काम करणं हा गुन्हा ठरू शकतो.

व्हिसावर असाल तर संचालकपदाबद्दल आपल्या प्रकाराच्या अटी काय म्हणतात ते आधी मान्यताप्राप्त सल्लागाराकडून पाहून घ्या. ऑफिसातून सुटीचंही गृहीत धरू नका. शाळेच्या गव्हर्नरला, म्हणजे तिच्या कारभारी मंडळाच्या सदस्याला, सार्वजनिक कामासाठी वेळ मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, चॅरिटीच्या ट्रस्टीला तो नाही.

बँकेतली रक्कम बघून निर्धास्त होणं

समजा, बँकेत १,८०,००० पौंड आहेत. ऐकायला भरपूर वाटतात. त्यातले १,२०,००० जर ठरावीक कामासाठी आलेलं अनुदान असेल, म्हणजे कर्जसल्ल्याच्या प्रकल्पासाठी किंवा कॅन्सरच्या रुग्णांना भत्ते मिळवून देण्यासाठी, तर ते त्याच कामाला लागले पाहिजेत. मोकळे उरतात ६०,०००. महिन्याचा खर्च ३०,००० असेल तर संस्थेच्या हातात दोन महिने आहेत. आता यातून संस्था बंद करायची वेळ आली तर लागणारी रक्कम वजा करा: दोन वर्षं पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांची नुकसानभरपाई, नोटिसीच्या काळातला पगार, भाडेकरारातली उरलेली मुदत. उत्तर शून्याच्या खाली गेलं, तर त्या संस्थेचा राखीव निधी कागदावरच आहे.

राखीव निधी किती असावा याचा आकडा कायद्यात नाही. ‘तीन महिन्यांचा खर्च’ हा सगळीकडे ऐकू येणारा ठोकताळा आहे, पण स्थानिक कौन्सिलच्या एकाच अनुदानावर निम्मं उत्पन्न असेल तर तीन महिने पुरत नाहीत. ठरावीक कामाचे पैसे ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ म्हणत पगाराला वापरणं हा विश्वासभंग आहे. हेतू कितीही चांगला असो.

प्रत्येक बैठकीत म्हणून तीन कागद हवेतच: अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना, पुढच्या १२ महिन्यांची रोख आवक-जावक आणि मोकळा व राखून ठेवलेला पैसा वेगळा दाखवणारा तक्ता. ‘हिशेब खजिनदार बघतात’ हे वाक्य ट्रस्टीच्या तोंडी शोभत नाही, कारण जबाबदारी सामायिक असते. आकडा कळला नाही तर तो पुन्हा समजावून मागा. बहुतेक वेळा शेजारी बसलेल्यालाही तो कळलेला नसतो.

बैठकीत गप्प बसणं

इंग्रजीच्या संकोचाने किंवा ‘ते जुने आहेत, त्यांना माहीत असेल’ म्हणून नवे ट्रस्टी सहा-सहा महिने बोलत नाहीत. पण गप्प राहिलात म्हणून निर्णयातून सुटका नसते. बहुमताने झालेला ठराव सगळ्यांना बांधतो. तो धोक्याचा वाटत असेल तर विरोध करा आणि तो नावानिशी इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजूर होण्याआधी ती नोंद आली आहे का ते तपासा.

हितसंबंधांचंही तसंच. अनुदान देणाऱ्या कौन्सिलमध्ये नोकरी, भाड्याने दिलेली घरं, संस्थेचं संगणकाचं काम करणारा मेहुणा, हे सगळं नोंदवहीत लिहायचं आणि तो विषय आला की खोलीबाहेर जायचं. दोन घरं भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूंच्या सल्ल्यावर होणाऱ्या खर्चाबद्दल मत देऊ नये, हे वेगळं सांगायला नको. पण असं घडतं, आणि मग चिडचिड होते.

तारखा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर कंपनीचे हिशेब कंपनीज हाउस या कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयाकडे ३१ डिसेंबरपर्यंत आणि चॅरिटी कमिशनकडे ३१ जानेवारीपर्यंत जायला हवेत. एक पाठवला की दुसरा आपोआप जातो, हा गैरसमज आहे. नवा संचालक आला किंवा गेला की कंपनीज हाउसला १४ दिवसांत कळवावं लागतं. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्जासाठी ९० दिवस असतात, त्या सवयीवर इथे राहू नका. १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकाला आधी स्वतःची ओळख पडताळून घ्यावी लागते. पत्रव्यवहाराच्या पत्त्याच्या रकान्यात केंद्राचा पत्ता द्या. घरचा दिलात तर तो सगळ्या जगाला दिसेल.

गाडी अडली तर

बैठकीचे कागद आदल्या रात्री येत असतील तर अध्यक्षांना लेखी कळवा की सात दिवस आधी न आलेल्या विषयावर मत देणार नाही. दोन-तीन जणांनी मिळून सांगितलं की फरक पडतो. अध्यक्ष आणि चीफ एक्झिक्युटिव्ह सगळं आपसांत ठरवतात असं दिसलं तर आर्थिक उपसमितीत जागा मागा. खरी माहिती तिथे असते.

पगाराला पैसे पुरतील का अशी शंका आली, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. आठवड्याभरात तातडीची बैठक, आठवडावार रोख तक्ता, देण्यांची यादी आणि चॅरिटीचं काम करणाऱ्या दिवाळखोरी तज्ज्ञाला फोन, हे सगळं एकदमच करा. संस्था वाचणार नाही हे कळूनही नवी देणी करत राहिलात, तर कंपनीचं कवच ट्रस्टींना वाचवेलच असं नाही.

अशिलांची माहिती बाहेर फुटली आणि त्यांना धोका असेल तर इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयाला ७२ तासांत कळवावं लागतं. घड्याळ संस्थेला कळल्या क्षणापासून चालू होतं, त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात. प्रकार मोठा असेल तर चॅरिटी कमिशनलाही गंभीर घटना म्हणून लगेच कळवायचं.

आणि सोडायचंच ठरलं, तर बैठकींना जाणं बंद करणं म्हणजे राजीनामा नव्हे. तुमचं नाव नोंदणीत राहतं, जबाबदारीही. तुमच्या जाण्याने ट्रस्टींची संख्या घटनेतल्या किमान आकड्याखाली जाते का ते बघा. जात नसेल तर तारीख घालून लेखी राजीनामा द्या, तो इतिवृत्तात आणा आणि तीन आठवड्यांनी कंपनीज हाउस आणि चॅरिटी कमिशन या दोन्ही ठिकाणी स्वतःचं नाव शोधून पाहा.