बोराची आठळी रुजत नाही? आधी फोडा, मग पेरा

मेहरूणच्या (जळगावकडच्या नावाजलेल्या जातीच्या) बोराची आठळी पेरली म्हणजे मेहरूणचंच बोर लागेल, असं नाही. चवीसाठी डोळाच भरावा लागतो, म्हणजे हव्या त्या झाडाचा डोळा (फांदीवरची कळी) दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवावा लागतो. पण डोळा भरायला गावठी बोराचा खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बसवायचा ते रोप हवं, ते आठळीतूनच येतं, आणि घोडं अडतं ते इथेच. न फोडलेली आठळी तीन-चार आठवडे हलत नाही. उगवली तरी मागेपुढे. एका पिशवीत रोप, शेजारच्या चार रिकाम्या.

कारण आठळी म्हणजे बी नव्हे, ते नुसतं कवच. खरं बी आत असतं: चपटं, तपकिरी, चकचकीत, एक किंवा दोन. आठवडाभर भिजत घातलं तरी ते कवच उकलत नाही.

आठळ्या झाडावर पूर्ण पिकलेल्या बोरांच्याच घ्या. (बोरन्हाणात उधळलेली अर्धकच्ची बोरं मुलांनाच खाऊ द्या.) गर चोळून धुवा. एक लिटर पाण्यात 170 ते 180 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आठळ्या 24 तास ठेवा. तरंगतील त्या पोकळ, टाकून द्या. बुडालेल्या दोन-तीन पाण्यांतून धुवा, कारण मिठाचा अंश राहिला तर उगवण मार खाते. मग दोन दिवस सावलीत वाळवा. ओल्या आठळीवर घाव घातला तर कवचाबरोबर बीही चेंगरतं.

फोडायला हातोडीपेक्षा अडकित्ता बरा. दाब हळूहळू वाढवता येतो. ‘कट्’ असा आवाज आला की हात थांबवायचा. चिरलेलं बी पेरू नका, ते मातीत कुजतं. चांगलं बी रात्रभर साध्या पाण्यात ठेवून सकाळीच पेरा. उघडं बी साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

पेरणी मार्चअखेर ते एप्रिल. 25 × 10 सेंटिमीटरच्या पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग भरा. दोन बिया, दीड-दोन सेंटिमीटर खोल. खान्देशातल्या उन्हात वरची माती दुपारपर्यंत कोरडी पडते, म्हणून वर शेडनेट आणि रोज हलकं पाणी. पाणी तुंबलं तर कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात. मुंग्यांवरही लक्ष ठेवा. सात ते दहा दिवसांत कोंब दिसतो. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, तेव्हा पिशव्या अधूनमधून जागच्या हलवा, नाहीतर मूळ जमीन धरतं आणि उचलताना तुटतं. पावसाळ्यात खोड पेन्सिलीएवढं झालं की डोळा भरा.

सातपुड्यातल्या चारोळीलाही असंच कवच असतं, पण तिचं बी लवकर निकामी होतं, ताजंच पेरा. चिंचोक्याचं गणित वेगळं. तिथे फोडायचं काही नाही, त्याची सालच पाणी आत घेत नाही. एका कडेला आतला फिकट भाग दिसेपर्यंत पॉलिश पेपरवर घासा, मग 24 तास भिजवा. फुगले ते पेरा, न फुगलेले पुन्हा घासा.